रिकाम्या डब्याचं फ्रेंच

शनिवार पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २००९

ती. मालनवहिनींस,

दीपमालाचा वाकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? दोन दिवस मुक्कामाला आलेले दादा म्हणतात, बरा आहे. पण दादांना सगळंच बरं वाटतं. (तेहेतीस वर्षांचा संसार काय उगाच टिकला?) ते उद्या साताऱ्याला परततील, त्यांच्याच हाती हे पत्र देते. आम्ही मजेत. म्हणजे मी भांडते आहे.

खराडीच्या एका कंपनीने पेठेतल्या एका आजीवर विनोदी कार्टून मालिका काढली आहे. ती फ्रान्समध्ये दाखवायची आहे आणि तिचं फ्रेंच करण्याचं काम माझ्याकडे आहे. बावीस वर्षं फ्रेंच शिकवल्याचं सार्थक झालं म्हणेपर्यंत तिसरा भाग आला. त्यात आजी शेजारणीकडे डबाभर लाडू पाठवते आणि दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून, पण रिकामा परत येतो. चिमूटभर साखरसुद्धा नाही! आजी तोंडाने काही बोलत नाही, नुसती डब्याकडे बघते. इथे ज्यांनी पाहिलं ते हसून लोळले. फ्रेंच चॅनेलच्या ओदिलबाईंनी मात्र कळवलं : डबा स्वच्छ आहे, मग विनोद कुठे आहे?

आमचे साहेब अभिनव (वय एकोणतीस, अनुभव त्याहून कमी) म्हणाले, "मॅडम, सिंपल आहे. डब्यातून बेडूक उडी मारू दे. बेडूक ग्लोबल आहे." म्हटलं, "अरे, ते लोक बेडूक खातात. त्यांना वाटेल शेजारणीने रीतसर परतफेड केली!" त्यावर साहेबांना ऐनवेळी फोन आला. बेडूक आला तर मी गेले, असं लेखी देऊन मी घरी आले.

पुढच्याच आठवड्यात ओदिलबाई पुण्यात उतरल्या. त्यांना जेवायला बोलावलं, निघताना डबाभर बेसनाचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी डबा परत केला. धुतलेला. रिकामा. मी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि कामाला लागले. दहा मिनिटांनी बाई विचारतात, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, छे, कुठे काय! (अत्यंत शुद्ध फ्रेंचमध्ये.) आणखी पाच मिनिटांनी त्यांनी पर्समधलं चॉकलेट काढलं, हळूच डब्यात ठेवायला गेल्या, आणि मध्येच थांबून जे हसत सुटल्या, ते डोळे पुसेपर्यंत. बेडूक बाद! एका शब्दाचंही भाषांतर न करता मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषांतर केलं.

पण बाईंची अट अशी की आता सगळी मदार आजीच्या नजरेवर आहे, तेव्हा ती तेवढी जमली पाहिजे. आमचा चित्रकार शहेजाद गुणी, पण त्याने काढलेल्या अकरा आज्यांपैकी चौघींचं पोट दुखतं आहे आणि उरलेल्या रेशनच्या रांगेत उभ्या आहेत. सोमवारपर्यंत नजर मिळाली नाही तर बेडूक परत. मिळेल. मी हटणार नाही.

आपली नणंद,
दीपमाला

ता.क. : ती नजर मी उभ्या जन्मात एकाच चेहऱ्यावर पाहिली आहे. धाकट्याच्या मुंजीच्या वर्षी, तुमचा अनारशांचा डबा मी घाईघाईत तसाच परत केला होता तेव्हा. त्यानंतर दोन वर्षं आपण माझ्याशी फक्त हवामानावर बोलत होतात.

ता.क. २ : दादांकडे कॅमेरा दिला आहे, बटण कुठलं तेही दाखवलं आहे. अभिनयाची काळजी नको. सोबत पाठवलेला आपला दिवाळीचा डबा तेवढा त्यांच्यासमोर उघडा. स्वच्छ घासलेला आहे.