बिननंबरची गाडी

६ जानेवारी, सोमवार

आली एकदाची! आमच्या मुलाने, सलिलने, जपानमधल्या नागोयाहून पाठवलेली गाडी. मुंबई बंदरातून ट्रकवर लादून, पुण्याला चाचणी उरकून, ताडपत्रीत गुंडाळून. एवढीशीच आहे, पण बटण दाबलं की डावीकडची सीट दाराबाहेर वळते आणि खाली उतरते. म्हणजे उमाला कुणी उचलायला नको. अर्धांगाच्या झटक्यानंतर रिक्षात चढवताना ती दोन पुरुषांच्या हातून पडली. तेव्हापासून एकच धोशा — परक्या पुरुषाने मला हात लावायचा नाही. चौदा महिने घराबाहेर नाही.

पावसला माहेरी तिची आई, नव्वदीची. माणसं विसरायला लागलीय. आज कुणाला ओळखलं, कुणाला नाही, हे मेहुणा रोज फोनवर सांगतो. उमा ऐकते. पाऊण तासाचा रस्ता!

८ जानेवारी

मितेश गॅरेजवाल्याला घरी बोलावून गाडीला गंजू नये म्हणून काळं लेपण मारून घेतलं. इथल्या खाऱ्या हवेत पाच वर्षांत पत्र्याची चाळण होते. "सर, बॉनेटच्या आत पण मारू?" म्हणाला. मी म्हटलं, "एक इंच सोडू नकोस."

१६ जानेवारी

गाडीला अजून नंबर नाही, म्हणून परत ट्रकवर घालून आरटीओत तपासणीला नेली. पुण्याच्या चाचणीचा दाखला, कस्टमची पावती, जपानी कागदांची भाषांतरं — सगळं फायलीत क्रमाने. साहेब खूश. मग त्यांनी पेन्सिल काढली. चेसिस नंबरावर कागद ठेवून छाप घ्यायची असते म्हणे. "नंबर कुठाय?"

इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला. काळ्याखाली!

रॉकेल लावून हळूहळू पुसा, असं ते म्हणाले होते. मला कुठला दम. घरी येऊन स्वयंपाकघरातली सुरी घेतली.

२३ जानेवारी

परत ट्रक, परत कचेरी. शेवटून दुसरा आकडा तीन आहे. सुरी घसरली, आता आठ दिसतो. साहेब सज्जन माणूस. "सर, खाडाखोड दिसते हो. मी मानलं तरी कागद मानणार नाही." चौतीस वर्षं गणिताच्या पेपरात खाडाखोडीचे मार्क कापले मी.

आता जपानच्या कंपनीचं पत्र आणि नंबर मूळचाच असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, दोन्ही हवीत. तोवर गाडी अंगणात.

२४ जानेवारी

कंटाळा आला.

२ फेब्रुवारी

पूर्णगडची आवडाबाई दारावर मासळी विकायला येते. तिचा नवरा आनंदा टेम्पोने सोडतो, आणि परतताना टेम्पो पावसवरूनच जातो. आज म्हणाली, "मास्तर, वैनींना आमच्या टेम्पोतनं नेऊ की. सकाळीच धुवून घेतंय."

माझी बायको माशांच्या टोपल्यांत बसून माहेरी जाणार? सरळ नाही म्हटलं. उमा खिडकीत होती.

१८ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र आलं. अहवालाचा पत्ता नाही.

उमा रोज दुपारी भाविकाला हाताशी घेऊन त्या सीटवर बसते. भाविका शेजारची सून. बटण दाबलं की आत, दाबलं की बाहेर. बॅटरी उतरेल म्हटलं, तर म्हणाली, "उतरू दे. कुठे जायचंय?" फार वाईट वाटलं. हे सगळं माझ्या त्या एका इंचापायी.

५ मार्च

मेहुण्याचा फोन. सासूबाईंनी आज त्यालाच विचारलं, तू कुणाचा? उमा जेवली नाही. आणखी पाचच दिवस, सोमवारी काम होतंय, असं मी तिला सांगितलं.

"तुमचे पाच दिवस मला ठाऊक आहेत," म्हणाली. खरंच आहे. काय खोटं बोलली?

१० मार्च, सोमवार

अहवाल आला, गाडीला नंबर मिळाला! पाट्या मात्र आठवड्याने. तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

घरी आलो तर उमा नाही, चाकाची खुर्ची नाही. भाविका म्हणाली, आवडाबाईने आणखी तिघींना आणलं होतं. सगळ्या बायकाच. फळी लावून खुर्चीसकट टेम्पोत चढवलं.

मग उमाचा फोन. "अहो, आईने ओळखलं. नावाने हाक मारली." रडत होती.

उद्या सकाळी आनंदा येईल. परतीच्या टेम्पोत पावसपर्यंत माझ्यापुरती जागा आहे का, विचारतो.