तिच्या नावानं आंघोळ

आप्पा, तुमची थोरली बहीण सापडली. दौंडला रेल्वे लाइनीच्या पलीकडं ख्रिस्ती लोकांची दफनभूमी आहे, तिथं तिला पुरलेलं आहे. मी आपणहून शोधायला निघाले नव्हते. शिरूरच्या आपल्या रानाच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या मागं तुमच्याबरोबर तिचंही नाव वारस म्हणून लागलेलं होतं. ते कुणी सांगितलं, की तलाठ्यानं आपणहून लावलं, हे आता कळायला मार्ग नाही. तुम्ही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तुमचा मुलगा यंदा नव्या विहिरीचे कागद करायला गेला, तेव्हा या बाई कुठं आहेत, मयत असतील तर दाखला आणा, असं त्याला सांगण्यात आलं. त्याला रानातून हलता येत नव्हतं आणि मी नोकरीतून मोकळी झालेली, म्हणून काम माझ्याकडं आलं.

तुम्ही तिच्याविषयी माझ्याशी एकदाच बोललात. मी चौथी-पाचवीत असेन. चुलीपुढं आई भाकरी थापते आहे, तुम्ही जेवताय, आणि मी विचारते की वर्गात सगळ्यांना आत्या आहे, मला का नाही. तुम्ही म्हणता, "होती. तिच्या नावानं आंघोळ केली आम्ही." मग जेवताना मेलेल्यांचं काढू नये म्हणून मला रागावता आणि ताटावरून उठता. ती वारली असंच मी धरून चालले. पुढं कधीतरी आईनं सांगितलं, की ती वारली नव्हती. दौंडच्या एका इंजिनवाल्याबरोबर गेली, किरिस्ताव झाली, आणि ते कळलं त्याच दिवशी आजोबांनी घरातल्या सगळ्यांना विहिरीवर नेऊन डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. तुम्ही तेव्हा पोरसवदा होता. थंडीचे दिवस होते, एवढं आईनं आणखी सांगितलं.

आधी मी राहूला गेले, तिच्या पहिल्या सासरी. लग्नानंतर वर्षभरात नवरा वारला आणि त्यांनी तिला शिरूरला आणून सोडलं, इतपत मला ठाऊक होतं. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी चहा दिला आणि सांगितलं, ती माहेरी गेली तवाच आमचा संबंध संपला. आपल्याकडं वंशावळ वाचायला भाट यायचा, त्याच्या मुलाला फोन केला. त्यांच्या पोथीत मुली लिहीतच नाहीत. दौंडच्या नगरपालिकेत माहेरच्या नावानं काही निघालं नाही, राहूच्या सासरच्या नावानंही नाही, आणि तिसरं नाव मला माहीत नव्हतं. शेवटी चर्चमध्ये गेले. पाळकांनी दफनाच्या जुन्या नोंदी काढून दिल्या. मूळ गाव शिरूर असलेली एकच बाई त्यात होती. नवरा रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. तिचं नाव मात्र इंग्रजी वळणाचं, कानाला परकं.

थडगं साधं, सिमेंटचं, नवऱ्याच्या शेजारी. भोवतालचं गवत काढलेलं होतं. तिथं काहीतरी वाटायला हवं होतं, पण मी थडग्यावरची तारीख उतरून घेतली आणि निघाले. ती गेली तोवर मला नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे ती इथं राहत होती त्या काळात मी दौंड स्टेशनावर कितीदा तरी गाडीची वाट बघत बसले असेन.

तिची मुलगी अजून दौंडलाच राहते. पाळकांनीच फोन करून दिला. माझ्याहून थोडी मोठी, उंच, आणि आप्पा, चालणं थेट तुमचं, एक खांदा किंचित पुढं काढून. तिनं जेवायला बसवलं आणि आईची हकिगत सांगितली. विधवा होऊन आल्यावर आत्या आपल्याच रानातला झेंडू दौंडच्या बाजारात आणायची. दसऱ्याला रेल्वेची माणसं इंजिनांना हार घालतात, ते हार करून द्यायचं काम तिला मिळालं, आणि हार न्यायला येणाऱ्यांत तो होता. लग्नानंतरही ती दर दसऱ्याला हार करत राहिली. तेव्हाचे पाळक एकदा बोलले, तर म्हणाली, हार इंजिनाला हाय, देवाला न्हाई.

मी विचारलं, "शिरूरचं नाव काढायच्या का त्या कधी?"

"न्हाई," ती म्हणाली. "रागानं न्हाई हां. बापाच्या ड्युट्या, मी ल्हान, शिवणकाम. तिला सवड कुठं होती?"

आपल्या घरात जिचं नाव काढायची बंदी होती, तिला आपली आठवण काढायला वेळ नव्हता. हे ऐकून मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

निघताना तुमच्या मुलानं बजावलं होतं, मुलंबाळं असली तर रानाचं काही बोलू नकोस, दाखला घे आन् ये. मी बोलले. आईचं नाव उताऱ्यावर आहे, तिच्या मागं तुमचं लागू शकतं, असं तिला सांगितलं. ती नको म्हणेल, निदान आढेवेढे घेईल, अशी माझी समजूत होती. तिनं ताटातला भात कालवला आणि विचारलं, "पाणी हाय का जमिनीला?"

"आहे. घोडच्या कालव्याचं."

"मग लावा नाव," ती म्हणाली.

भाऊ पुष्कळ दिवस माझ्याशी बोलला नाही. एकदाच दारात उभा राहून म्हणाला, "आपल्या घरानं आंघोळ केलीय तिच्या नावानं. मेलेल्या बाईला पोरगी आली कुठनं?" आंघोळीची नोंद तलाठ्याकडं नसते, असं मी त्याला सांगितलं. नाव लागायला बरेच महिने गेले. ती रान बघायला आली तेव्हा मात्र त्यानं स्वतः तिला बांधावरून फिरवून हद्द दाखवली, आणि जाताना पिशवीभर वांगी दिली. रान तोच कसतो. तिचा वाटा वेगळा करायचा की कसं, यावर दोघांचं अजून चाललं आहे, पण बोलून चाललं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. तुम्ही जाण्याआधी मला सांगून ठेवलं होतं, तुझा हिस्सा भावाला सोड, आणि तुमच्या मागं मी हक्कसोडपत्रावर सही केली. त्याचं मला काही वाटत नव्हतं, अजूनही फारसं वाटत नाही. पण नवा उतारा हातात आला, तेव्हा त्यावर भावाचं नाव होतं आणि तुमच्या बहिणीच्या मुलीचं. ते वाचण्याआधी मी त्यात माझं नाव शोधलं. नसणार हे माहीत असून, वरपासून खालपर्यंत.