बाल्कनीतली आग

विरार, शुक्रवार

प्रिय रिद्धी,

मावशीकडे हे पत्र पोचलं तरी तू ते फोडशील की नाही, माहीत नाही. फोन तू घेत नाहीस. मेसेज मी तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. पत्र पेटीत टाकलं की परत घेता येत नाही, म्हणून पत्र.

बाल्कनीला नवा रंग दिला, तरी आगीचा डाग छतावर अजून दिसतो. शेजारच्या चंद्रकांताकाकूंच्या हाताची पट्टी परवा निघाली. जिन्यात भेटल्या की विचारतात, "पोरगी कुठाय? एवढं काय रागवायचं तिच्यावर, वय आहे." त्यांचा हात आपली आग विझवताना भाजला आणि त्याच मला समजावतात. मी मान हलवून पुढे जातो.

गिरीज गावात पास्कल सरांकडे तैलरंग शिकायला अजून जातो. चित्र तेच, आपल्या गच्चीवरून दिसणारं सकाळचं धुरकट विरार. लांबच्या इमारती मला पुसट करवत नाहीत. आगीच्या आधी एकदा सर म्हणाले, "सेक्रेटरी, हे चित्र आहे की नकाशा? खिडक्या मोजून टॅक्स लावणार का?" मग त्यांनी जवसाच्या तेलात भिजवलेली चिंधी ओल्या रंगावरून अलगद फिरवून दाखवली. कडा विरघळल्या, इमारत हवेत गेली. त्या नादात मी घरी दोन जुन्या चादरी फाडल्या. पसारा मला चालत नाही, तुला ठाऊक आहे. वापरलेल्या चिंध्या घडी घालून, दाबून, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनमागच्या खोक्यात ठेवायचो.

त्या मंगळवारी दुपारी आग लागली तेव्हा घरात तू एकटीच झोपली होतीस. नंतर तुझ्या बॅगेत सिगारेटचं पाकीट सापडलं आणि मला पुढे काही विचारावंसंच वाटलं नाही. तू म्हणालीस, "ओढते, बाबा. पण घरात कधीच नाही. आईची शपथ." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खोटंच बोलायचंय तर निदान आईला तरी मध्ये आणू नकोस." त्याच संध्याकाळी तू गेलीस. डायरी लिहिताना हे वाक्य मी गाळलं. सोसायटीच्या सभेच्या वहीत मात्र आगीचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सेक्रेटरींच्या मुलीची सिगारेट. घरच्यांनाही सोडलं नाही, याचा तेव्हा थोडा अभिमानही वाटला.

अकरा दिवसांपूर्वी सरांच्या पडवीत मी चिंध्या अशाच दाबून ठेवत होतो. ते ओरडलेच. "येडा झालास का? हे तेल सुकताना तापतं. दाबून ठेवलं तर आपोआप पेटतं. पसरून वाळव, नाहीतर पाण्यात टाक!" इतकी साधी गोष्ट मला माहीत असणार, असं ते धरून चालले होते.

अकरा दिवस, रिद्धी. आधी स्वतःला म्हटलं, खात्री करून घेऊ. ती पहिल्याच दिवशी झाली. मग म्हटलं, आता सगळं शांत होतंय. आज सकाळी तुझ्या आईला सांगितलं. पुढच्या रविवारी सभा आहे. तिथे वहीतली ती ओळ खोडून खरं कारण मी वाचून दाखवणार आहे. तुझ्या सिगारेटबद्दल मला बोलायचं आहे, पण तो हक्क आज माझ्याकडे नाही. तू परत यावंस म्हणूनही हे लिहीत नाही. सोसायटीला कळेल त्याच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच लिहितो आहे: तू खरं बोलत होतीस.

तुझाच,
बाबा