माझ्या बाजूचं रक्त

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

हिला सातवा लागलाय. जेवण नीट जातं, उगाच काळजी करू नकोस. भाऊजींची कंबर कशी आहे?

परवा तपासणीत हिचं प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी हिच्या आईच्या, बहिणीच्या बाळंतपणांची चौकशी केली. तिकडे सगळं सुखरूप. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमच्या आईला?"

मी म्हटलं, "माझ्या वेळी तिला झटके आले. त्यातच गेली."

"मग बरं झालं विचारलं. हा धोका बापाच्या बाजूनंही येऊ शकतो," त्या म्हणाल्या. गोळ्या सुरू केल्या, आता प्रेशर उतरलंय.

लोक मला आईला गिळून आलेला म्हणायचे, तेव्हा तू त्यांच्याशी भांडायचीस. आता ही झोपली की मी तिच्या श्वासाला कान लावून बसतो. तिचा हात जरा हलला तरी मला धडकी भरते.

फोनवर धीर होत नाही, म्हणून लिहितोय. आईचं डोकं दुखायचं का? पाय सुजले होते का? तू तिथं होतीस, सगळं सांग. माझ्यासाठी जड जात असेल तर ठमीसाठी सांग. तुझ्या लेकीच्या अंगातही तेच रक्त आहे, आणि तिला दिवस गेल्याचं तूच कळवलंयस.

तुझाच,
धाकटा