टपरीवरचे पाणी

हिंगोली,
सोमवार

स्नेहाचे खाजा मिया यांस,

विष्णुपंताचा सप्रेम नमस्कार, आणि आपल्या रीतीने सलाम. तिकडे हट्टा गावी सर्व कुशल असेल असे धरून चालतो. कमरुन्निसा वहिनींचे गुडघे आता जिना चढू देतात काय? हळद बाजारात गेली, की अजून अंगणातच पिवळी पडून आहे? (हळदीने पिवळे न पडावे तर काय करावे, वाक्य सदोष आहे, परंतु शाई वाळली.) माझ्या प्रकृतीविषयी आपण संकोचाने विचारणार नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

गेले वर्षभर माझे मूत्राशय माझ्या आज्ञेत नाही, हे आपण जाणताच. वर्गात करंगळी वर करणाऱ्या प्रत्येक मुलास मी 'तास संपल्यावर' एवढेच उत्तर देत असे. त्या सर्वांचे तळतळाट एकवटून मला भोवले असावेत. वाशीमला जाता-येता जीप कनेरगाव नाक्यावर थांबवावी लागते, आणि तेथील ढाबेवाला मला पाहताच, "गुरुजी आले रे, मागचं दार उघडा!" असे संपूर्ण हमरस्त्यास ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो. एकदा तर जीपमधील सर्व प्रवाशांनी माझ्यासाठी हळहळ व्यक्त केली. हसले असते तर बरे झाले असते.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि बजावले, की हिने तोंडास कोरड पडेल, तेव्हा पाणी घोट घोट पीत राहावे. या वाक्याचा पूर्वार्ध मी नीट ऐकला. उत्तरार्ध मला मूर्खपणाचा वाटला. जे आत जाणार नाही ते बाहेर येण्याची घाई कशी करील, असा माझा बिनतोड तर्क होता.

अशात करुणाची वास्तुशांत आली. आपल्या मांडीवर खेळलेली ही माझी एकुलती एक लेक. सेनगावला तिने व शौनकरावांनी काटकसरीने घर बांधले. वडीलधारा म्हणून चार शब्द मी बोलावेत, असा तिचा आग्रह होता. आपण वहिनींच्या दवाखान्यामुळे येऊ शकला नाहीत. येता, तर पुढील प्रसंग टळता.

आमच्या घरची रीत आपण कैक वेळा थट्टेवारी नेली आहे: लेकीस मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीसुद्धा घ्यावयाचे नाही. माझ्या वडिलांनी ती पाळली, मी पाळली. करुणाच्या लग्नास पुष्कळ वर्षे झाली. तिच्या घरी पाळणा हलला नाही, आणि माझा नियमही हलला नाही. मी जाताना तांब्याची बाटली सोबत नेतो आणि तिच्यासमोर बसून घरून नेलेले पाणी पितो. त्या दिवशी मूत्राशयाच्या धाकाने बाटलीही नेली नाही.

होमाच्या धुरात बसलो, आणि जीभ टाळूस जी चिकटली ती सुटेना. करुणा पेला घेऊन आली. मी हातानेच नको म्हटले. विहीणबाई पद्माबाई म्हणाल्या, "काहून पेत न्हाईत गुरुजी? जीव सुकून राहिला की तुमचा! पानीच हाय ते, जहर न्हाई." मी हसलो, म्हणजे ओठ दातांवर अडकून राहिले. मग भाषणास उभा राहिलो. ज्या जिभेने आयुष्यभर इतरांचे न आणि ण वेगळे केले, तिला 'उपस्थित' हा शब्द तीन तुकड्यांतही उच्चारता येईना. लोक पाहत होते. करुणा पुन्हा तांब्या घेऊन दारात येऊन उभी राहिली.

खाजा मिया, मी तिच्या बाजूने बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर दोन पेले पाणी घटाघट प्यालो. सगळा मांडव पाहत असताना. टपरीवाला तोंड भरून म्हणाला, "काय गुरुजी, लेकीच्या घरी नळ आला न्हाई का अजून?"

परत येऊन मी उत्तम भाषण केले. एकही चूक नव्हती. टाळ्या मात्र पद्माबाईंनीच वाजवल्या, त्याही थोड्या.

करुणाने तांब्यातले पाणी तुळशीस घातले होते. निघताना ती जीपपर्यंत आली आणि फार हळू म्हणाली, "अण्णा, त्या टपरीचं पिंप रोज सकाळी आपल्याच बोअरवर भरतात." एवढे बोलून ती घरात गेली. मी खिडकीतून हात हलवला, तो टपरीवाल्यानेच स्वीकारला.

तेव्हापासून तिचा फोन नाही. मी केला, तर शौनकराव "ती कामात आहे" असे अत्यंत शुद्ध मराठीत सांगतात. नियम तर मोडलाच. पण मोडलाच होता, तर तिच्या हातून मोडावयास काय हरकत होती, याचे उत्तर मला सापडत नाही. बाकी ठीक. वहिनींस नमस्कार सांगावा.

आपला,
विष्णुपंत

ता. क. – पत्राचे खरे कारण वर राहून गेले. येत्या रविवारी माझ्यासोबत सेनगावला चलावे. करुणा आपणास चाचा म्हणते. आपणास पाणी मागण्यास कोणतीही आडकाठी नाही. बसल्याबरोबर मागावे. माझ्या तोंडून ते निघणार नाही, आणि या वेळी दोष गोळीचा नसेल.

ता. क. २ – मागताना एकच पेला मागावा. दुसरा ती आपणहून आणते काय, एवढे मला पाहावयाचे आहे. आणला, तर मी तो तळापर्यंत पिणार. तेव्हा परतीच्या जीपमध्ये दाराजवळची जागा माझ्यासाठी धरून ठेवावी.