जगुकाकांच्या आईचा फोटो

सोम., ५ जाने.
काल रविवार, बाबांच्या जुन्या फोटो स्टुडिओचं घरातच केलेलं म्युझियम बघायला बऱ्यापैकी माणसं. रंगवलेल्या पडद्यापुढे कॉलेजच्या मुलींचे सेल्फी संपेनात. खुर्चीवर बसू नका सांगून घसा बसला. समोरच्या आळीतले जगुकाका गेटवरूनच म्हणाले, "आयतवारी नातवांना घेऊन येतो गो सुलू. माजी आय कनच्या खुर्चीवर बसलेली ती दाखव त्यांना."
या की, म्हटलं.
त्यांची आई त्या खुर्चीवर कधी बसलीच नाही. बसली होती आमची आई.

बुध., ७
आमच्या बोनकोडे गावात तेव्हा जिवंतपणी फोटो कोण काढायचं? बाई गेली की नवरा बाबांकडे यायचा, फोटो करून द्या. मग मिळत्या चेहऱ्याचं कुणीतरी बसवायचं आणि निगेटिव्हवर पेन्सिलीनं नाक-ओठ-हनुवटी बदलायची. जगुकाकांची आई गेली तेव्हा ते पाळण्यात. त्यांच्या वडलांनी आमच्या आईकडे बोट दाखवलं, हिच्यासारखीच होती म्हणे. आईनं नथ घातली, बसली. पुढे दर पितृपक्षात त्यांच्याकडे जेवायला जायची, स्वतःच्याच फोटोला घातलेला हार बघून यायची. चकार शब्द नाही. मला सांगितलं ते शेवटी, हॉस्पिटलात, तेही हसत. "जगूला कळू नको देऊ."

शुक्र., ९
विलास ऐकत नाही. धाकटा भाऊ, पण म्युझियमचा मालक तोच असल्यासारखा. दोन्ही फोटो मोठे करून शेजारी शेजारी लावलेत, पेन्सिल लागायच्या आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात आई चक्क हसतेय.
"हीच तर बाबांची कला, ताई. घर उघडं कशाला ठेवलंय मग? नुसता कॅमेरा दाखवायला?"
म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची आई काढून घेशील तू.
"तुला ना, सगळ्या गावाचं टेन्शन."
न जेवता नेरूळला, स्वतःच्या घरी गेला. गाढव. त्याचंही चूक नाही, म्हणून जास्त राग येतो.

शनि., १०
हसरा फोटो उतरवला. विलासचा फोन, परत लाव. नाही लावणार.

रवि., ११
देवळातून आले, तर हसरा फोटो परत भिंतीवर. किल्ली विलासकडेही असते, विसरलेच; तो आधीच येऊन बसलेला. स्टुलावर चढले तोच जगुकाका दारात. इस्त्रीचा सदरा, मागे नातवंडं. चपला बाहेर काढून आले.
फोटोंपुढे उभे. एवढी कला कला करणारा विलास पडद्याआड सरकला.
मग काका पोरांना म्हणाले, "बघा, हसते कशी. माजी आय हसायची, ह्ये मला कुनी सांगितलंच नाय." आणि मला, "दुसरा फोटू हाय म्हनून सांगायचं नाय गो? याची कापी दे. घरातला रागावल्यासारखाच दिसतो."
रडत होते. मीही.

मंगळ., १३
त्यांच्या सुनेचा फोन, फ्रेम आणून ठेवलीय. विलास विचारतो, कॉपीची साइज काय ठेवू. खरं सांगू या, हे आता तोही म्हणत नाही.
काकांनी ओळखलं नसेल? आमच्या आईला काकी काकी करत तिच्या हातचं जेवलेला माणूस. की ओळखूनच मागितला?
हसणारी आई आमच्याकडे एवढीच. बाकी सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले. त्या हसण्याला आता रोज हार पडणार, दुसऱ्याची आई म्हणून. ती असती तर म्हणाली असती, देऊन टाक, माझं काय जातंय. तिचं नसेल जात. माझं जातंय.
विलासला अजून साइज सांगितलेली नाही.