सर्व्हरला आलेली हाक

सोमवार, ४ नोव्हेंबर
भाऊबीज उरकली आणि मी आमच्या तळा गावाहून न्हावा शेव्याच्या बंदरावर हजर. कंटेनर यार्डाचं ऑफिस, पहिली नोकरी, काम नेटवर्क सांभाळण्याचं. आई घरी एकटी, म्हणून रोज दुपारी फोन करायचं कबूल केलंय. तिच्या चकल्या मॅनेजर हेतलबेननी अशा फस्त केल्या की मला डबा धुऊनच परत मिळाला. गेटवरचे नामाकाका मिठागरवाल्यांच्या घरातले. मला पहिल्याच दिवशी लेकीसारखं 'बाय' म्हणायला लागले. इथे करमेल असं वाटतंय.

मंगळवार, ५
ऑफिसच्या सगळ्या फाइली एका जुनाट सर्व्हरवर. स्वारी फारच भोळी. नेटवर्कवरच्या कुठल्याही यंत्राने 'जरा इकडे ये' म्हटलं की हा उठून जातो आणि न विचारता आपली ओळख दाखवतो. बोलावणाऱ्याने तीच ओळख लगेच दुसऱ्या दाराशी पुढे केली, तर ते दार त्यालाच सर्व्हर समजून उघडतं. हे भोक बुजवायचं तर सर्व्हर अर्धा दिवस बंद ठेवावा लागेल. हेतलबेन म्हणाल्या, शनिवारी बघू, आज गाड्या खोळंबतील. मला रागच आला, पण नव्या माणसाने किती ताणायचं?

बुधवार, ६
सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. रोज दुपारी एकला कुणीतरी सर्व्हरला बोलावतंय. कुठून ते शोधत गेले, तर वायर सर्व्हर-रूमच्या मागच्या भिंतीपाशी संपली. टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं. मी ती उपटून टाकली. दिवसभर उगाच चुटपुट लागून राहिली.

गुरुवार, ७
वायर नाही, तरी एकला बोलावणं आलं आणि सर्व्हर ओळख दाखवायला गेला. नामाकाकांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, मिठागरावर पहिल्या हाकेला कुनी ओ देत न्हाय बाय, तिसरीपर्यंत थांबायचं. हाक मारणाऱ्याला आपली ओच पाहिजे असते. मी म्हटलं, सर्व्हरला हे कोण शिकवणार?

शुक्रवार, ८
एकला सर्व्हर-रूममध्येच थांबले होते. दार लावून. मागून कुणीतरी 'जागृती' म्हटलं. अगदी आई म्हणते तसं. मी ओ दिली. तोंडातून निघूनच गेली. वळून बघितलं तर कुणी नाही.

एक वाजून एक मिनिटाला गेटवर माझा अंगठा लागल्याची नोंद आहे. बाहेर जाताना. मी तर आत होते. नामाकाका शपथेवर सांगतात की तू माझ्याशी बोलून गेलीस, पुन्हा आत कशी हायस?

मला फार भीती वाटतेय.

शनिवार, ९
गेट अंगठा घेत नाही. पाचदा लावला. पासवर्डही चालत नाही. हेतलबेननी फोनवर विचारलं, तू तर काल सुट्टी घेऊन आईकडे गेलीस ना? मी नाही घेतली. मी नाही गेले. आईकडे —

एसटीत
आई फोन उचलत नाही. शेजारच्या कमळकाकूंना लावला. त्या म्हणाल्या, अगं, कालपासून तर घरीच आहेस. आत्ता तुम्ही दोघी ओटीवर बसलेल्या दिसताय मला, मग हा फोन कुठून — मी ओरडले, आईला तिच्यापासून लांब न्या. काकूंनी फोन ठेवला.

माणगाव
आईचा फोन लागला. उचलणारीचा आवाज माझाच. कोण बोलतंय, मी विचारलं. तिने सगळं सांगितलं — नाव, जन्मतारीख, गुडघ्यावरचा व्रण कशाचा तेही. न अडखळता.

मग आईने फोन घेतला. म्हणाली, कोण बोलताय तुम्ही? घरी लेक आलीय, उगाच त्रास देऊ नका.

मी सांगणार होते. जीभ हलली, पण नाव — आत्ता होतं — लिहून बघते. लिहिलं की येईल. माझं नाव